प्ले कुठे आहे?

आमची पिकअप गेली चार वर्षे पुतण्या चालवतो. जुन्नर तालुक्यातल्या मळ्यातून नारायणगावच्या टोमॅटो बाजारापर्यंत, हंगामात रोज एक खेप. त्याला विचारले तर गाडीत काही म्हणजे काही दोष नव्हता. एकदा तो तापाने अंथरुणावर होता म्हणून शेजारच्या मळ्यातला ड्रायव्हर माल घेऊन गेला. परत आल्यावर त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "काका, स्टिअरिंग लई ढिलं झालंय. जाता-येता गाडी सांभाळूनच घाईला आलो."

पुतण्याला हे काही पटेना. "मी रोज चालवतो ना काका, मला कळलं नसतं का?"

रोज चालवतो म्हणूनच त्याला कळले नव्हते. स्टिअरिंगचे सांधे एका रात्रीत झिजत नाहीत. आज केसाएवढे, पुढच्या महिन्यात आणखी केसाएवढे. ड्रायव्हरचा हात तेवढीच जास्त हालचाल करायला आपोआप शिकतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सारखे थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे करावे लागते आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही, कारण त्याच्या लेखी गाडी चालवणे म्हणजे तेच. परक्या माणसाचा हात या सवयीतून गेलेला नसतो, त्याला पहिल्या दोन किलोमीटरमध्ये कळते. म्हणून माझा पहिला सल्ला असा की वर्षातून दोनदा आपली गाडी दुसऱ्या जाणत्या ड्रायव्हरच्या हातात द्या आणि तो काय म्हणतो ते मुकाट ऐका.

ढिलेपणाला गॅरेजात 'प्ले' म्हणतात. स्टिअरिंग फिरवले पण चाक अजून हलले नाही, तेवढे मधले रिकामे फिरणे म्हणजे प्ले. कायद्यानेही याला हद्द घालून दिली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या 98व्या नियमानुसार हा प्ले स्टिअरिंगवर 30 अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. 30 अंश म्हणजे घड्याळाच्या तबकडीवर एका तासाचे अंतर. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर मोजले तर कडेला सुमारे साडेदहा सेंटिमीटर भरते. ही शेवटची हद्द आहे, तिथपर्यंत वाट बघायची परवानगी समजू नये. याच नियमात आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत: स्टिअरिंगच्या सगळ्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात, आणि जिथे बोल्ट किंवा पिना आहेत तिथे त्या आपोआप सुटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या हव्यात. पासिंगची तारीख जवळ आली की आपण रंग, रिफ्लेक्टर आणि इंडिकेटर बघतो. गाडीखाली वाकून या टोप्या मात्र फार थोडे लोक बघतात.

आता गाडीखाली जाऊ. आमची पिकअप जुनी आहे. पुढे कमानपाटे आणि अखंड अ‍ॅक्सल. अशा गाडीची स्टिअरिंगची रचना उघड्या डोळ्यांना दिसते, आणि एकदा समजली की विसरत नाही. स्टिअरिंगचा दांडा खाली एका लोखंडी बॉक्समध्ये शिरतो. बॉक्समधून एक जाड लोखंडी हात खाली लोंबतो, तो ड्रॉप आर्म. आपण स्टिअरिंग फिरवले की हा पुढे-मागे झुलतो. त्याच्या टोकाला जोडलेला दांडा म्हणजे ड्रॅग लिंक, तो ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकाला ढकलतो किंवा ओढतो. दुसऱ्या चाकाला कोण वळवते? अ‍ॅक्सलला समांतर जाणारा लांब दांडा, टाय रॉड. दोन दांडे, प्रत्येकाला दोन टोके, एकूण चार सांधे. काही नव्या पिकअपमध्ये पुढची चाके स्वतंत्र असतात आणि बॉक्सऐवजी रॅक असतो. तिथे रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी भात्याखाली एकेक आतला सांधा आणि चाकाजवळ एकेक बाहेरचा सांधा. नावे थोडी बदलतात, तपासण्याची पद्धत तीच.

प्रत्येक सांधा आपल्या खांद्यासारखा असतो. एका वाटीत पोलादी गोळी, गोळीला खाली निमुळता दांडा. वाटीत ग्रीस, वर रबरी टोपी. चाक खड्ड्यात उतरते, वर येते, वळते, त्या सगळ्या हालचाली ही गोळी वाटीत फिरून सोसते. टोपी शाबूत असेतो सांधा वर्षानुवर्षे टिकतो. टोपी फाटली की पहिल्याच पावसाळ्यात पाणी आणि चिखल आत जातो. चिखलातली बारीक वाळू ग्रीसमध्ये मिसळली की तेच ग्रीस पॉलिश पेपरचे काम करू लागते. गोळी लहान होत जाते, वाटी मोठी होत जाते, आणि एक दिवस गोळी वाटीतून बाहेर निसटू शकते. ड्रॅग लिंकची गोळी निसटली तर स्टिअरिंग हातात नुसते गरगर फिरते. टाय रॉडची निसटली तर एक चाक आपले ऐकते आणि दुसरे मन मानेल तिकडे जाते. माळशेजच्या उतारावर हे झाले तर काय होईल ते लिहायची गरज नाही.

जरा आडवळण घेतो, कारण टाय रॉडची गोष्ट मला फार आवडते. आपल्या बैलगाडीला दोनच चाके असतात आणि ती एकमेकांपासून सुटी फिरतात. वळताना बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी, काही अडत नाही. चारचाकी बग्गीचे तसे नव्हते. तिचा पुढचा सगळा अ‍ॅक्सल मधल्या एका खिळीवर फिरायचा, चाके गाडीखाली शिरायची आणि जोरात वळले तर बग्गी कलंडायची. म्युनिकचा बग्गी बनवणारा कारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर याने अ‍ॅक्सल जागेवर ठेवून दोन्ही चाके आपापल्या खिळीवर वळवण्याची रचना केली. इंग्लंडमध्ये 1818 साली तिचे पेटंट घेतले रुडॉल्फ आकरमान या त्याच्या प्रतिनिधीने, जो लंडनमध्ये चित्रांचा आणि पुस्तकांचा व्यवसाय करत होता. नाव लागले ते आकरमानचे, आणि आजही जगभर ही रचना त्याच नावाने ओळखली जाते. तिचे मर्म एवढेच की वळणावर आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळले पाहिजे, कारण त्याचे वर्तुळ लहान असते. त्यासाठी चाकांचे स्टिअरिंग आर्म, म्हणजे टाय रॉड ज्यांना जोडलेला असतो ते हात, किंचित तिरके ठेवतात. दोन्ही आर्मच्या रेषा मनातल्या मनात मागे वाढवल्या तर त्या साधारण मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याशी भेटतात. हे गणित टाय रॉडच्या लांबीवर आणि आर्मच्या सरळपणावर उभे आहे. म्हणून टाय रॉड वाकला असेल तर तो गॅसने तापवून सरळ करून घेऊ नये. तापवल्याने पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि दांडा दिसायला सरळ पण आतून मऊ होतो. वाकलेला दांडा भंगारात, नवा दांडा गाडीत. इथे काटकसर नको.

प्ले आहे हे कळले, पण कुठे आहे? ही शोधाशोध नीट केली तर निम्मे काम झाले.

गाडी सपाट जागेवर चारही चाकांवर उभी ठेवा, जॅक लावू नका. चाकांवर गाडीचा आणि सांध्यांवर टायरच्या घर्षणाचा भार असतानाच खरा ढिलेपणा बोलतो. किल्ली फिरवून स्टिअरिंगचे लॉक सोडा. आमच्याकडे पुतण्या वर बसला आणि मी खाली पोत्यावर आडवा झालो. त्याला सांगितले, "मोठं फिरवू नकोस, चार बोटं इकडं, चार बोटं तिकडं, सारखं हलवत राहा." मग एकेका सांध्यावर तळहात असा ठेवायचा की बोटे वाटीवर आणि अंगठा आर्मवर यावा. चांगल्या सांध्यात दोन्ही भाग एकजीव हलतात. झिजलेल्या सांध्यात वाटी आधी सरकते, मग बोटांना 'टक्' असा ठोका लागतो, आणि त्यानंतर आर्म हलतो. पहिले तीन सांधे मुके होते. टाय रॉडच्या डाव्या टोकाला हात लावला आणि ठोका लागला. डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, पण बोटांखाली गोळी वाटीत नाचत होती. मी पुतण्याला खाली बोलावले, मी वर बसलो आणि त्याचा हात तिथे ठेवायला लावला. तो काही बोलला नाही. नुसता बाहेर आला आणि हात पुसत राहिला.

हे झाल्यावर जॅक लावून चाक अधांतरी करा. नऊ आणि तीनच्या काट्यांवर हात धरून चाक हलवले आणि ढिले लागले तर दोष बहुतेक टाय रॉडच्या सांध्यांत. बारा आणि सहावर ढिले लागले तर किंगपिन, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळते ती, किंवा चाकाचे बेअरिंग. या दोघांत फरक कसा करायचा ते एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी मला शिकवले: वरच्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेकने चाक आणि त्याचा आधार एक होतात. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. बेअरिंग घरी आवळता येते. किंगपिनचे बुश बसवून ते नेमक्या मापात रीमरने घासावे लागतात, ते काम माझ्या मते घरी करण्यासारखे नाही, मेस्त्रींकडेच द्यावे.

टायरही साक्ष देतात. पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीच्या दात्यांसारखे लागले तर चाक आडवे घासत चालले आहे. गाडी टायर खाते म्हणतात ते हेच.

इथे एक कटू अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी याच गाडीचा प्ले घेऊन मी एका गॅरेजात गेलो होतो. त्यांनी गाडीखाली कोणी न पाठवता स्टिअरिंग बॉक्सवरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू अर्धा फेरा आवळला, चेकनट घट्ट केली आणि पैसे घेतले. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग टाइट लागले, मी खुश. घाटात पहिल्याच वळणावर लक्षात आले की वळवलेले स्टिअरिंग स्वतःहून परत येत नाही, हाताने ओढून आणावे लागते. कारण साधे आहे. गाडी बराच वेळ सरळ चालते, म्हणून बॉक्समधले दाते मध्यावर जास्त झिजतात, कडेला कमी. मध्यावरचा प्ले काढण्यासाठी स्क्रू आवळला की कडेचे न झिजलेले दाते एकमेकांत रुततात. आणि मूळ दोष, तो फाटक्या टोपीचा सांधा, तसाच राहतो. बॉक्सचा स्क्रू हा शेवटचा उपाय आहे, तोही आधी सगळे सांधे तपासून झाल्यावर. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत आणखी एक फसवणूक होते. 1951 साली अमेरिकेत क्रायस्लरने पॉवर स्टिअरिंगची मोटार पहिल्यांदा बाजारात आणली तेव्हापासून ड्रायव्हरचे कष्ट वाचले हे खरे, पण रस्त्याचे धक्के हातापर्यंत पोचेनासे झाले आणि त्याबरोबर झिजेची खबरही. अशा गाडीत हाताने तपासणी करताना इंजिन चालू ठेवावे लागते, म्हणून खालच्या माणसाने कपडे, हात आणि केस फॅन-बेल्टपासून दूर ठेवावेत.

सांधा बदलण्याचे काम आम्ही घरासमोर केले. अंगण सारवलेले, म्हणजे जॅक रुतणार. त्याखाली सागाची जाड फळी टाकली. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावले, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्या, अधांतरी चाकावर जोर लावता येत नाही. मग गाडी उचलून अ‍ॅक्सलखाली दोन घोड्या (जॅक स्टँड) लावा आणि तिचा भार घोड्यांवर उतरवा. एकट्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉकही नकोत, भार आला की ते कोणतीही सूचना न देता फुटतात.

आता सुटे करण्याआधी मोजणी. ही पायरी गाळली की पुढे डोक्याला ताप होतो. टाय रॉडच्या दोन्ही टोकांच्या ग्रीस निपलच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेपने अंतर मोजून खडूने दारावर लिहून ठेवा. एंड, म्हणजे टोकाचा सांधा, जिथे दांड्यात शिरतो तिथे पांढऱ्या रंगाची रेघ मारा. नंतर एंड काढताना तो किती पूर्ण फेऱ्यांत सुटला ते मोठ्याने मोजा. आमचा साडेअठरा फेऱ्यांत सुटला. टाय रॉडच्या एका टोकाला सुलटे आटे असतात आणि दुसऱ्याला उलटे. त्यामुळे दोन्ही एंड गाडीला जोडलेले असताना मधला दांडा फिरवला की तो एका दिशेला लांब होतो, दुसऱ्या दिशेला आखूड. दुकानात 'डावा' आणि 'उजवा' असे सांगून एंड घ्यायचे ते यासाठी. जुना एंड बरोबर नेला तर चूक होत नाही. मी दोन्ही बाजूंचे एकदमच घेतले. एक नवा आणि एक चार वर्षांचा सांधा एकाच दांड्यावर ठेवून उपयोग नाही, आणि दोन एंडची किंमत टायरच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

स्प्लिट पिन काढली, कॅसल नट सोडली, पण एंड जागचा हलेना. हलणारही नाही. गोळीचा दांडा निमुळता असतो आणि आर्मचे भोकही तसेच निमुळते. नट आवळली की दांडा भोकात पाचरीसारखा घट्ट बसतो. वर्षानुवर्षे बसलेली ती पाचर सोडवायला लोक नट काढून दांड्याच्या टोकावर घण घालतात. टोक पसरते, आटे बिघडतात, आणि दांडा तसाच. ठोका आर्मच्या डोळ्यावर, म्हणजे भोकाभोवतीच्या कड्यावर, बाजूने घालायचा असतो. डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरा, समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याचा एकच सणसणीत ठोका द्या. डोळा क्षणभर अंडाकृती होतो आणि पाचर सुटते. नट पूर्ण काढू नका, चार आट्यांवर ठेवा, म्हणजे दांडा सुटून तोंडावर येत नाही. पुतण्याने पहिले तीन ठोके भीत भीत मारले. चौथा मनापासून मारला आणि आतून 'ठप्' आवाज येऊन एंड खाली आला. तो आवाज एकदा ऐकला की पुन्हा ओळखता येतो. पुलर असेल तर आणखी चांगले. दुपाखी पाचर घालूनही सुटते, पण तिने रबरी टोपी फाटते, म्हणून सांधा परत वापरायचा असेल तर ती नको.

भोक आतून कापडाने कोरडे पुसा, ग्रीस किंवा तेल लावू नका, पाचर कोरडीच घट्ट बसते. नवा एंड साडेअठरा फेऱ्या आत घातला. नट बसवताना दांडाच नटबरोबर फिरू लागला तर खालून जॅकने एंड हलका वर दाबा, पाचर धरते. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या जोराने टॉर्क पान्याने नट आवळा. कॅसल नटला सहा खाचा असतात, दांड्याला एक आरपार भोक. खाच आणि भोक जुळले नाही तर नट थोडी पुढे आवळायची, कधीही मागे सोडायची नाही. मागे सोडलेली नट म्हणजे मोकळी झालेली पाचर. स्प्लिट पिन दर वेळी नवी. तिचा एक पाय दांड्याच्या टोकावर दुमडा, दुसरा नटच्या अंगाला. 98व्या नियमातले पक्के केलेले बोल्ट म्हणतात ते हेच काम, पाच रुपयांच्या तारेचे.

आता साडेअठराऐवजी साडेसतरा फेरे घातले असते तर? आट्यांचे अंतर दीड मिलिमीटर धरले तर दांडा दीड मिलिमीटर लांब झाला असता. स्टिअरिंग आर्म पंधरा सेंटिमीटर लांब असेल तर चाक एक शतांश रेडियनने, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडे जास्त तिरके होते. चाळीस सेंटिमीटरच्या रिमवर हा फरक चार मिलिमीटर दिसतो. दोन्ही चाकांत वाटला तरी प्रत्येक टायर एका किलोमीटरमागे पाच मीटर रस्त्यावर आडवा घासला जातो. दोनशे किलोमीटरच्या फेरीत एक किलोमीटर! एका फेऱ्याची चूक इतकी महाग पडते. म्हणूनच मोजणी कितीही काटेकोर केली तरी ती गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत हळू नेण्यापुरती आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी गाडी तीसच्या वेगाने तिथे नेली.

तिथे एक गोष्ट सांगायला विसरू नका. अलाइनमेंट झाल्यावर स्टिअरिंगची आडवी दांडी सरळ रस्त्यावर तिरकी दिसत असेल तर आमच्यासारख्या गाडीत ती ड्रॅग लिंकची लांबी बदलून सरळ करायची. टाय रॉडला हात लावायचा नाही, नाहीतर नुकतेच बसवलेले टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा एकमेकांकडचा किंचित कल, बिघडते. स्टिअरिंग उपटून दाते बदलून बसवणे हाही आडमार्ग आहे, कारण मग बॉक्सचा मध्य आणि चाकांचा मध्य वेगळा होतो.

चारशे-पाचशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा पोत्यावर आडवे होऊन तोच हात चारही सांध्यांवर ठेवायचा, पिना बघायच्या, चेकनट पाहायच्या. ज्या एंडला निपल आहे त्याला ग्रीस गन लावताना निपल आधी पुसा, नाहीतर तोंडावरची मातीच आत जाते. टोपी किंचित फुगली की थांबा, फुटेपर्यंत दाबू नका. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि शेवटचा चिखल वाळल्यावर एकदा. आमच्याकडे ते काम आता पुतण्याकडे आहे, आणि गाडीखाली जाण्याआधी तो शेजारच्या मळ्यातल्या ड्रायव्हरला बाजारापर्यंत गाडी चालवायला देतो.